मावशीची लांब बाही

शाळेत बाईंनी एकदा प्रत्येकाला उभं करून विचारलं, घरी कोण काय काम करतं? कुणाची आई नर्स होती, कुणाचा मामा बस चालवायचा. माझी पाळी आली तशी मी ताठ उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "माझी मावशी उंदीर सांभाळते." वर्गात असा हशा पिकला की बाईंनासुद्धा तोंडावर रुमाल धरावा लागला. त्या दिवसापासून मी 'उंदीरवालीची' झाले. घरी येऊन भोकाड पसरलं, तर मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग खोटं काय बोललीस? हसू देत मेल्यांना. त्यांच्या घरी उंदीर दिसला की झाडू घेऊन धावतात. आपल्याकडे त्याची सरबराई होते."

आणि होतीच हो ती सरबराई. मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला एक बुटकी, बिनखिडक्यांची इमारत होती. दारावर भलंमोठं शास्त्रीय नाव, पण शिपायापासून मोठ्या सरांपर्यंत सगळे तिला उंदीरखाना म्हणायचे. मोठे सर म्हणजे तिथले मुख्य. आत पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये राहायचे. त्यांना ठरल्या वेळेला उजेड, ठरल्या वेळेला अंधार, चाळलेला लाकडी भुसा, उकळून गार केलेलं पाणी. आमच्या घरात तरी कुठे एवढी शिस्त होती!

तिथला एक नियम मला फार आवडायचा. आत जाताना अंघोळ करायची, घरचे कपडे बाहेर ठेवायचे आणि तिथले अर्ध्या बाहीचे निळे कपडे घालायचे. बाहेर पडताना पुन्हा अंघोळ. बाहेरचा रोग आत नको आणि आतला वास बाहेर नको, म्हणून. न्हाणीघरात कॉलेजचा लाल, उग्र वासाचा साबण ठेवलेला असायचा. मावशी म्हणायची, "दिवसातून दोनदा अंघोळ करायचा पगार मिळतो मला. राणीला तरी मिळतो का?"

शाळा सुटली की मी तिथल्या बोळातल्या बाकावर बसून अभ्यास करायचे. म्हणजे पुस्तक मांडीवर आणि डोळे दाराच्या काचेवर. काचेतून मावशी दिसायची. ती पिंजऱ्याचं झाकण उघडायची, आधी नुसता हात आत ठेवायची, उंदराला हुंगू द्यायची. मग पोटाखाली तळवा घालून त्याला उचलायची आणि आपल्या उघड्या हातावर सोडायची. तो मनगटापासून कोपरापर्यंत तुरुतुरु जायचा, परत यायचा, आणि मग कोपराच्या खळीत अंगाचं मुटकुळं करून बसायचा. हे लाड नव्हते बरं का, कामच होतं ते. उंदराला माणसाच्या हाताची सवय नसली की तो घाबरतो, घाबरला की त्याच्या अंगात सगळं वरखाली होतं, मग त्या मोजमापाला काही अर्थ राहत नाही. म्हणून प्रत्येकाला रोज थोडा वेळ हातावर घ्यायचं, असं तिला शिकवलं होतं. थोडा वेळ म्हणजे किती, हे मात्र मावशी स्वतः ठरवायची.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई बेकरीत भट्टीपाशी काम करायची. लाकडाची भट्टी, तोंडावर धूर, आणि बाहेर आली की अंगाला ताज्या पावाचा वास. मला आईचं एवढंच आठवतं, तो वास आणि तिचा खोकला. फुप्फुसाच्या आजारानं ती गेली तेव्हा मी शाळेत जायला नुकती लागले होते. वडील त्याच्या आधीच दुसऱ्या संसाराला लागलेले. जो भेटायला येईल तो मावशीला हळूच विचारायचा, "सिगारेट ओढायची का हो?" मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "उभ्या जन्मात हातात धरली नाही तिनं! आणि तिच्याच शेजारी भट्टी सारणारे बाप्ये आजही धडधाकट आहेत, त्यांना जाऊन विचारा!" मग दार आपटायची. दार आपटून झालं की स्वयंपाकघरात जाऊन रडायची, आणि मी तिच्या पाठीला चिकटून उभी राहायचे.

आमचं दोघींचं घर म्हणजे दीड खोली. संध्याकाळी कामावरून आली की मावशी आधी खिडकीजवळच्या खाटेवर आडवी व्हायची, उजवा हात लांब पसरायची आणि म्हणायची, "ये ठमे, टेक." मी तिच्या कोपराच्या खळीत गाल टेकायचे. तिच्या हाताला लाल साबणाचा वास यायचा. बोलायचं काही नाही. खाली रस्त्यावर सायकलींच्या घंट्या वाजायच्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवायचं, आणि आम्ही दोघी पडून राहायचो. मग ती "चला, पोटं बोलायला लागली" म्हणून उठायची. आई गेल्यावर मला झोप लागत नव्हती, तेव्हा तिनं हे सुरू केलं होतं, आणि झोप लागायला लागली तरी बंद केलं नव्हतं. जगात माझी हक्काची जागा कुठली असं कुणी विचारलं असतं, तर मी त्या कोपराकडे बोट दाखवलं असतं.

मग मावशीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली म्हणून गर्भपिशवी काढली, दोन्ही अंडाशयंही काढली. बरी झाली, कामावर रुजू झाली, पण तिच्या अंगात जणू आईची भट्टी पेटली. मध्येच चेहरा लालबुंद व्हायचा, घामाच्या धारा लागायच्या, घरी असली की हातातलं काम टाकून ती खिडकीशी धावायची. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक मलम दिलं, जेलसारखं पातळ. शरीरात बायकांचं जे हार्मोन, इस्ट्रोजेन, बनायचं थांबलंय ते बाहेरून द्यायचं. रोज अंघोळीनंतर दोन्ही हातांना चोळायचं आणि वाळू द्यायचं, बस. मावशीची सकाळची अंघोळ उंदीरखान्यात, म्हणून ट्यूब तिच्या पिशवीत. तिथल्या न्हाणीघरात ती गुपचूप लावायची. कामावर सगळे बाप्ये, आणि हा विषय त्यांच्यासमोर काढायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मलमानं तिला खरंच आराम पडला. ती पुन्हा गुणगुणायला लागली.

त्याच सुमारास उंदीरखान्यात चष्मेवाली आली. पीएचडी करणारी, किडकिडीत, चष्मा सतत नाकावरून घसरणारा. मोठ्या सरांच्या हाताखाली तिचा अभ्यास होता. मावशीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं पोरी, माझ्या उंदरांचं काय करणार आहेस?"

ती बिचारी बाकावर माझ्या शेजारी बसली आणि नीट समजावून सांगायला लागली. फुप्फुसात एक एन्झाइम असतं. धूर आत आला की त्यातल्या विषाची मोडतोड करणं हे त्याचं काम. पण ही मोडतोड करताना कधी कधी ते विष उलट जास्त जहाल होतं. आणि हे एन्झाइम किती जोरात काम करतं, त्यात इस्ट्रोजेनचा हात आहे का, हे तिला बघायचं होतं.

मावशीनं हातातला भुशाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे धूर तोच, पण बाईच्या फुप्फुसात त्याचं काही वेगळं होत असेल?"

"तेच तर माहीत नाही मावशी. तेच बघायचंय."

त्या दिवशी घरी येताना मावशीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. "कुणीतरी विचारतंय गं ठमे," ती म्हणाली. "तुझ्या आईचा प्रश्न कुणीतरी विचारतंय." तेव्हापासून त्या अभ्यासात मावशीचा जीव अडकला. तो नीट पार पडावा, उत्तर यावं, एवढंच तिच्या डोक्यात.

अभ्यास असा होता. चष्मेवालीनं तरण्या उंदरिणींची अंडाशयं ऑपरेशन करून काढली, म्हणजे त्यांचं स्वतःचं इस्ट्रोजेन बंद. मग प्रत्येकीच्या मानेच्या कातडीखाली एक बारीक नळी बसवली. अर्ध्यांच्या नळीत इस्ट्रोजेन, अर्ध्यांची नळी नुसती पोकळ. मावशीनं त्यांची नावं ठेवली, भरलेल्या आणि रिकाम्या. पुढे दोघींच्या फुप्फुसांतलं एन्झाइम ताडून बघायचं.

आता मावशीला रिकाम्यांचा पुळका येणार नाही तर कुणाला येणार! "माझ्याच गटातल्या आहेत गं त्या," ती घरी हसून सांगायची. "भरलेल्यांना त्यांची नळी आहे, मला माझी ट्यूब आहे. या रिकाम्यांना कोण आहे?" म्हणून सकाळी अंघोळ करून, ताजं मलम चोळून आत शिरली की पहिल्यांदा रिकाम्यांचे पिंजरे. त्यांना हातावर जास्त वेळ. एक फेंगडी चालणारी होती, ती तर कोपराच्या खळीत बसून तिथलं चाटत राहायची. सुट्टीच्या दिवशी मी सकाळपासूनच बोळात असायचे, काचेतून बघायचे आणि मला, खरं सांगते, तिचा हेवा वाटायचा. माझी जागा होती ना ती.

यथावकाश पहिल्या फेरीतल्या उंदरिणींचा शेवट झाला. मावशी त्या दिवशी जेवायची नाही, हे ठरलेलं. चष्मेवालीनं फुप्फुसं काढून, धुऊन, बर्फावर बारीक केली, काचेच्या नळीत घोटली. त्यात एक द्रव्य घातलं की एन्झाइम जितकं कामसू तितका गुलाबी रंग चढायचा. भरलेल्यांच्या नळ्या गुलाबी आल्या. आणि रिकाम्यांच्या, ज्या फिकट यायला हव्या होत्या, त्याही गुलाबीच आल्या. मी बोळातून बघितलं तर सगळ्या नळ्या एका ओळीत छान दिसत होत्या. मी टाळ्या वाजवल्या. चष्मेवालीनं माझ्याकडे असं बघितलं की माझे हात हवेतच राहिले.

नुसत्या नळ्यांचं नव्हतं. अंडाशयं काढलेल्या उंदरिणीचं गर्भाशय वाळून धाग्यासारखं बारीक होतं. रिकाम्यांचं तसं झालं नव्हतं. म्हणजे त्यांच्या अंगात इस्ट्रोजेन होतं, कुठून तरी. मोठ्या सरांनी एकच विचारलं, "ऑपरेशनं तुम्हीच केलीत ना? अंडाशयाचा तुकडा आत राहिला असणार." बस. ते ओरडले नाहीत, पण ओरडले असते तर बरं, असा तो आवाज होता. पुढच्या आठवड्यात सगळ्या विभागासमोर तिला हे मांडायचं होतं. ऑपरेशनं चुकली असं ठरलं की तिचा अभ्यास तिथेच बंद.

ती पिंजऱ्यांच्या खोलीत आली आणि मावशीसमोर ढसाढसा रडली. "मी दर वेळी दोन्ही बाजूंनी बघितलं होतं मावशी. एवढ्या साऱ्यांमध्ये कसा राहील तुकडा? बाहेरून जातंय काहीतरी यांच्या अंगात. खाण्यातून असेल, भुशातून असेल, पाण्यातून, कुणाच्या हातातून..."

दार अर्धवट उघडं होतं, मी सगळं ऐकत होते. मावशी काहीतरी समजुतीचं बोलत होती, ती मध्येच थांबली. फेंगडी तिच्या हातावर होती, ती पहिल्या फेरीत नव्हती. मावशीनं आपल्या हाताकडे बघितलं, फेंगडीकडे बघितलं, मग तिला पिंजऱ्यात ठेवून दिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखी उभी राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या संध्याकाळी ती खाटेवर आडवी झालीच नाही. कपाट उघडून तिनं थंडीतला जाड झगा काढला, लांब बाह्यांचा, मनगटाला बटणं असलेला. उन्हाळ्याचे दिवस, भिंती तापलेल्या, आणि ही बया गळ्यापासून मनगटापर्यंत बंद. मी सवयीनं जवळ गेले तर म्हणाली, "लांब बस. उकडतंय." उकडतंय तर झगा कशाला घातलास, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून गिळलं. रात्रीही तिनं माझं अंथरूण भिंतीकडे टाकलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वेणी घालताना हातमोजे! मी शाळेत जाताना एरवी ती गालाला हात लावायची, तोही बंद. आज मी शिवणकाम करते, आयुष्य बाह्या जोडण्यात गेलं माझं, पण त्या झग्याच्या बाहीइतका राग मला कुठल्या कपड्याचा आला नाही. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. वडिलांकडे पाठवणार बहुतेक. मग वाटलं, छे, माझ्या अंगालाच वास येत असेल. म्हणून मी तिचा लाल साबण घेतला, तिनं एक वडी घरी आणलेली असायची, आणि गाल घासला. ज्या गालावर मी निजायचे, तोच. घासघास घासला, सालटं निघेपर्यंत.

मावशीनं तो गाल बघितला. "हे काय करून घेतलंस?"

"आता येत नाही वास," मी म्हणाले. "आता टेकू?"

माझी मावशी चांगली धिप्पाड बाई होती. पण ती मटकन खाली बसली, तोंडात पदराचा बोळा कोंबावा तशी बाहीच तोंडात धरली आणि रडली. माझ्याजवळ मात्र आली नाही. मला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला शाळेतून घेऊन थेट चष्मेवालीच्या टेबलापाशी गेली. बर्फाचा डबा, काचेच्या नळ्या, आणि समोर रडून रडून सुजलेली ती पोर. मावशीनं पिशवीतून ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली.

"तुझे हात चुकले नाहीत पोरी. माझे चुकले."

चष्मेवालीनं ट्यूब उचलली, नाव वाचलं. मग मावशीच्या हाताकडे बघितलं. "कधी लावता?"

"सकाळी. इथेच, अंघोळ झाल्यावर. आणि मग रिकाम्यांना घेते. जास्त वेळ घेते. मला वाटलं, बिचाऱ्यांना कुणी नाही." मावशीचा आवाज फुटला. "फेंगडी तर चाटायची गं. मला मेलीला कळायला नको?"

चष्मेवाली खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग राग, मग पुन्हा सुटका. "मावशी, तुम्ही हे चार दिवस..."

"ओरड मला. सरांना सांग, कामावरून काढायला सांग. उंदरांचं काय करायचं ते नंतर बघ. आधी हिचं सांग." आणि तिनं मला हातमोजा घातलेल्या हातानं पुढे ढकललं. "ही रोज माझ्या हातावर डोकं टेकते. आई गेल्यापासून. उंदरिणीच्या फुप्फुसापर्यंत पोचलं ते, तर हिच्या नसेल पोचलं? हिची फुप्फुसं हिच्या आईची आहेत गं. तिला धुरानं खाल्लं, हिला मी माझ्या हातानं..."

आणि मला तेव्हा कळलं. सगळं नाही, एन्झाइम आणि इस्ट्रोजेन काही नाही. एवढंच कळलं की तिला माझा कंटाळा आलेला नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसले. ती रडतेय आणि मी हसतेय, असं ते ध्यान.

चष्मेवाली खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. चष्मा वर सरकवला. "कधी टेकतेस गं डोकं? सकाळी?"

"संध्याकाळी. मावशी घरी आली की."

"मावशीच्या हाताला तेव्हा वास कसला येतो?"

"साबणाचा."

"कुठल्या साबणाचा?"

"इथल्याच. लाल." मला हा प्रश्नच वेडगळ वाटला. तो वास मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल!

तिनं मावशीकडे वर बघितलं. "निघताना अंघोळ करता ना? हात घासून?"

"घासून नाही तर काय? नाहीतर घरभर उंदराचा वास."

"मग उंदरांना ताजं मलम मिळालं, हिला धुतलेला हात मिळाला. आणि उंदीर केवढासा, ही केवढी. मला नाही वाटत काही झालं असेल."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के मी कशालाच म्हणत नाही मावशी. आणि मी माणसांची डॉक्टरही नाही. चला."

तिनं आम्हाला कॉलेजातल्याच मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला उभं केलं, आडवं केलं, छातीला नळी लावली, जोरात श्वास घ्यायला लावला, रक्त काढलं, आणि शेवटी म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. रक्ताचा निकाल आला की कळवतो, पण काळजीचं दिसत नाही. गाल मात्र कशानं सोलवटला?" मावशी तिथेच भिंतीला टेकली आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून डॉक्टरांनाच हात जोडत राहिली. रक्ताचा निकालही पुढे चांगलाच आला.

घरी आल्यावर तिनं ट्यूब कचऱ्यात टाकली. मग कात्री काढली, अंगावरच्या झग्याच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कराकरा कापल्या, एक वर, एक खाली, धागे लोंबताहेत. आज ते आठवलं की माझ्यातल्या शिवणारणीच्या अंगावर काटा येतो. न्हाणीघरात जाऊन तिनं हात लाल साबणानं घासले, खाटेवर आडवी झाली, हात लांब केला.

"ये ठमे, टेक."

मी सोललेलाच गाल टेकला. झोंबत होता. मी कशाला सांगतेय!

मोठ्या सरांनी तिला काढलं नाही. खूप बोलले मात्र, आणि ते तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. अभ्यास पहिल्यापासून करायचा ठरला, नव्या उंदरिणी, नवी ऑपरेशनं. सर म्हणाले, मलम लावणाऱ्या माणसानं या खोलीत यायचं नाही, दुसरा माणूस नेमू. मावशी म्हणाली, "मलम कधीच गेलं कचऱ्यात. माझ्या उंदरिणी दुसऱ्याच्या हातावर बिचकतील." चष्मेवालीनं तिला पुष्कळ समजावलं, औषध आहे ते, गरज आहे तुम्हाला, गोळ्या तरी घ्या. पण गोळ्या खाऊनही घामातून काही उतरलं तर, ही शंका मावशीच्या डोक्यातून कुणाला काढता आली नाही. माझ्यासाठी आणि माझ्या आईच्या प्रश्नासाठी ती उकडत राहिली. चहा करता करता अचानक फ्रिजचं दार उघडून आत डोकं घालायची आणि आतूनच मला पाढे विचारायची. मी पुठ्ठ्यानं वारा घालायचे. कधी कधी इतकी चिडायची की घरातली भांडी आपटायची, मग स्वतःच हसायची. "तुझ्या आईनं रोज भट्टी सोसली. मला एवढंही नको?"

उंदीरखान्याच्या दारावर तेव्हा एक पाटी लागली, अंगाला कुठलंही मलम वा औषध लावून आत येऊ नये. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही माझी पाटी."

दुसऱ्या खेपेला रिकाम्यांच्या नळ्या फिकट आल्या. भरलेल्यांच्या गुलाबी. चष्मेवाली नाचतच बोळात आली. मावशी बाकावर माझ्याशेजारी बसली होती, ती उठली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या बहिणीचं असंच झालं असेल?"

चष्मेवालीचं नाचणं थांबलं. तिला हो म्हणता आलं असतं. मावशीला बरं वाटलं असतं. "नाही सांगता येणार मावशी," ती म्हणाली. "हे उंदरांचं उंदरांपुरतं झालं. माणसापर्यंत जायला फार वाट आहे. आणि त्यांच्या एकटीचं तर कुणालाच कधी सांगता येणार नाही."

मला वाटलं मावशी आता दार आपटेल. पण तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "खोटं नाही बोललीस, बरं केलंस. निदान सिगारेट ओढायची का, असं तरी तू विचारलं नाहीस." त्या दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. पुढे चष्मेवाली परगावी गेली, मोठी झाली, आणि जिथे जिथे काम केलं तिथे दारावर तशीच पाटी लावली म्हणे.

आता मावशी पुरती थकलीय. अंथरुणावरच असते, माझ्याच घरी. डोळ्यांना कमी दिसतं, माणसं विसरते, मला कधी कधी आईच्या नावानं हाक मारते. आणि गंमत बघा, मी आता त्या वयात आलेय. माझ्या अंगात भट्टी पेटते, माझ्या डॉक्टरीणबाईंनी तसलंच मलम लिहून दिलंय. मी रोज सकाळी हातांना लावते, वाळू देते, आणि दुकानात लांब बाह्या घालून शिवत बसते.

संध्याकाळी दुकान बंद करून आले की मी आधी न्हाणीघरात जाते. तो लाल साबण आता सहजासहजी मिळत नाही, मी शोधून शोधून आणते. कोपरापर्यंत हात घासते. मग तिच्या शेजारी आडवी होते आणि हात लांब करते. ती लगेच टेकत नाही हं. आधी नाक माझ्या कोपराशी आणते, हुंगते, अगदी तिच्या उंदरिणींसारखी. बाकी सगळं विसरलीय, पण हे विसरली नाही.

"साबण लावलास का गं?"

"लावला मावशी. घासून."

मग ती डोकं टेकते.